तीन टिकल्यांची प्लेट

१

मंगळवारी सकाळी डॉक्टर दीपालीनं नाथसेवा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतला इन्क्युबेटर, म्हणजे जंतू वाढवायचं उबदार कपाट, उघडला आणि सगळ्या फळ्या दोनदा शोधल्या.

देवूच्या रक्ताची बाटली जागेवर नव्हती. त्या रक्तातून वाढवलेल्या जंतूंची प्लेटही नव्हती. मधल्या फळीवर एकच प्लेट उरली होती, तीन टिकल्यांची, काल वाचून झालेली.

"वैभवी, तू हलवलंस काही?"

"नाही मॅडम." वैभवीनं फळीवर बोट ठेवलं. "शनिवारी दुपारी ह्याच फळीवर ठेवून मी घरी गेले. आईशप्पथ."

"निलेश, तुम्ही?"

निलेश दारात उभा होता, स्वेटरच्या बाह्यांत हात ओढून घेतलेला. "मी काल फक्त टिकल्यांची प्लेट वाचली. बाकी कशाला हात लावला नाही. वैभवीनं चुकून कचऱ्याच्या डब्यात टाकलं असेल. होतं असं."

कोळवणच्या खोऱ्यातलं हे ट्रस्टचं चाळीस खाटांचं रुग्णालय. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली आणि दोन माणसं. रोजचं काम भरे गावची वैभवी करायची, आणि माण गावचा निलेश तिचा वरिष्ठ. अहवालावर सही त्याची.

तीन नंबरच्या खाटेवर देवू तापानं फणफणत होता. धनगरवाड्यावरचा, अडतीस वर्षांचा गडी. बाराच दिवसांपूर्वी त्याची आई सारजाबाई ह्याच वॉर्डात अशाच तापानं गेली होती. तिच्या रक्ताच्या अहवालावर लिहिलं होतं: 'जंतू आढळले नाहीत. नमुन्यात बाहेरची घाण मिसळलेली.'

देवूच्या रक्तात मात्र जंतू सापडले होते. ते कुठले, हे ओळखायची रीत साधी. प्लेटवर जंतू सारवल्यासारखे पसरायचे आणि त्यावर औषधात भिजवून वाळवलेल्या कागदाच्या बारक्या गोल टिकल्या ठेवायच्या. जे औषध जंतूला मारतं, त्या टिकलीभोवती स्वच्छ वर्तुळ पडतं. जे मारत नाही, त्या टिकलीला जंतू बिलगून वाढतात. एरवी सख्ख्या भावांसारखे दिसणारे जंतू इथं वेगळे ओळखू येतात.

देवूच्या प्लेटवर एकाही टिकलीभोवती वर्तुळ नव्हतं. म्हणून निलेशनं सोमवारी लिहिलं: सेपेशिया. हा जंतू दवाखान्यांतल्या पाण्यात आणि औषधी द्रावणांत राहतो. दीपालीनं सेप्ट्रानच्या गोळ्या चालू केल्या. रात्रीतून देवूचा श्वास दुप्पट झाला, म्हणून ती तपासणी पुन्हा करायला सांगायला आली होती.

पण तपासायला आता काही उरलंच नव्हतं.

"चुकून टाकलं असतं तर डब्यात सापडलं असतं," दीपाली पुटपुटली. डबा तिनं स्वतः उपसला होता. म्हणजे कुणीतरी एका माणसाला मारू शकणारे जंतू उचलून बाहेर नेले होते. ते आता कुणाच्या पिशवीत, कुणाच्या घरात होते, देव जाणे.

२

दीपालीच्या फोनवरून बुधवारी पहिल्या एसटीनं शारदा केतकर आल्या. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात तीस वर्षं जंतूंच्या विभागात काम करून निवृत्त झालेल्या. दीपाली त्यांची विद्यार्थिनी. बाईंचा आवाज इतका हळू, की ऐकणाऱ्याला पुढं झुकावं लागे. सकाळची पूजा आणि पोथीचा एक अध्याय झाल्याशिवाय त्या पाणी घेत नसत, आणि चातुर्मासात जेवताना मौन पाळत.

त्या आधी प्रयोगशाळेत गेल्या नाहीत. देवूच्या खाटेशी गेल्या.

देवूचे ओठ काळे पडले होते. छातीत घरघर. मांडीवर लिंबाएवढं गळू. उशाशी त्याची बायको बाळाबाई बसली होती, पदराचं टोक मुठीत आवळून.

"पुण्याला का नाही हलवलं?" शारदाबाईंनी विचारलं.

"रक्तदाब टिकत नाही बाई," दीपाली म्हणाली. "पिरंगुटपर्यंतसुद्धा जाणार नाही तो."

बाळाबाईनं मान वर केली. "तुमी मोठ्या डाक्टरीण का?"

"डॉक्टर नाही हो मी. जंतू ओळखते फक्त."

"मग वळखा की. दोन मान्सं एका घरातली. आमच्या वाड्यावर म्हंत्यात, कुनीतरी केलंय. मी म्हन्लं केलं असंल तर नाव सांगा त्याचं. कुनी नाव सांगंना."

"ताप कधी आला ह्यांना? इथं येऊन सलाइन लागल्यावर, की आधी?"

"आधी! घरीच आल्ता. तीन दिस घरी काडलं. बकरी सोडायला पन उठंना. सासूबाईला बी तसंच. हितं आनल्यावर आल्ता असं म्हन्तंय का कुनी?" तिचा आवाज चढला. "त्ये निलेशसायेब म्हन्ले, दवाखान्याच्या पान्यातनं झालं असंल. मग मला का न्हाई झालं? मी बी हितलंच पानी पितीया."

शारदाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "फार नेमकं बोललात. ताप यायच्या आधी दोघं कुठं कामाला होती?"

"बापूसायबांच्या रानात. श्रावनात तितं पुन्याची मान्सं येत्यात, चिखलात नाचायला अन् भात लावायला. त्यांनी लावलेलं समदं वाकडं. त्ये उपटून परत लावायला आमी." तिनं मुठीतलं पदराचं टोक सोडलं. "धा-बारा दिस गुडघ्याएवड्या चिखलात व्हती दोगं. मी न्हवते. माजं लेकरू आजारी व्हतं."

मातीत राहणारा एक जंतू शारदाबाईंना ठाऊक होता. सेपेशियाचाच भाऊ, स्यूडोमॅली नावाचा. भाताच्या चिखलातून पायाच्या जखमेवाटे शिरतो, फुप्फुसात जातो, गळवं करतो. सेपेशिया दवाखान्यातला, हा रानातला. दोघंही पहिल्या दोन टिकल्यांना भीत नाहीत. तिसऱ्या टिकलीत अमॉक्सिक्लॅव्ह असतं. तिला सेपेशिया जुमानत नाही, स्यूडोमॅलीभोवती मात्र वर्तुळ पडतं. तेवढाच काय तो फरक. स्यूडोमॅलीला सेप्ट्रानच्या गोळ्या पुरत नाहीत. शिरेतून सेफ्टाझिडीम द्यावं लागतं, तेही लगेच, नाहीतर दोघांपैकी एक माणूस जातो.

वॉर्डाचं दार धाडकन उघडलं. बाहेरून कुणीतरी हे बोलणं ऐकलं होतं.

"कोन ती पुन्याची बाई? माझ्या रानाची चौकशी करायला कुनी बोलावली तिला?"

३

बापूसाहेब रुग्णालयाचे विश्वस्त. पांढरेशुभ्र कपडे, आणि चिखलानं भरलेल्या चपला. रानातून तसेच आले होते.

"नमस्कार," शारदाबाई म्हणाल्या. "बसा ना."

"बसायला येळ न्हाई. सोमवारी अहवाल आला, दवाखान्यातला जंतू हाय. मग मिटलं! पाइप बदला, टाकी धुवा, मी पैसे देतो. माझ्या रानात पन्नास वर्षं मान्सं राबत्यात. तितं काय इख पेरलंय का?"

"अहवाल तुम्हाला कुणी सांगितला?"

"निलेशनंच. फोन करून."

"तुम्ही विचारलंत म्हणून?"

बापूसाहेब जरा अडखळले. "न्हाई. त्यानंच केला. म्हन्ला, काळजी करू नका, मातीचं काही न्हाई."

"मातीचं नाव तोवर कुणी काढलं होतं का?"

"...न्हाई. तवा कुनी काडलं न्हवतं."

दीपालीनं शारदाबाईंकडे पाहिलं.  बाईंची नजर बापूसाहेबांच्या पायांकडे गेली होती. टाचेला खोल भेगा, त्यांत काळा चिखल.

"बापूसाहेब, तुम्हाला साखर आहे का हो?"

"हाय की. धा वर्सं झाली. त्याचा काय संबंध?"

"ज्यांना साखर असते त्यांना हा जंतू जास्त धरतो. देवूला होती, त्याला ठाऊक नव्हतं. काल रक्तात निघाली." बाईंचा आवाज आणखी खाली गेला. "आज घरी जाऊन पाय कोमट पाण्यानं धुवा. बूट घातल्याशिवाय त्या रानात उतरू नका. ताप आला तर एक दिवसही वाट बघू नका."

बापूसाहेब खाटेकडे वळले. देवूची छाती भात्यासारखी खालीवर होत होती. त्यांच्या चेहऱ्यावरचा सगळा आव उतरला. आलेल्या वाटेनं ते परत फिरले, पण आता फरशीवर पाय टेकवायलाही घाबरल्यासारखे चालत.

"तेच असतील बाई," दीपाली कुजबुजली. "सगळा फायदा त्यांचा आहे."

"फायदा आहे. पण त्यांना प्लेट उचलता येईल, नवी मांडता येणार नाही."

"नवी मांडली असं कशावरून?"

"अजून मलाच ठाऊक नाही गं. ती मुलगी कुठं आहे?"

वैभवी मागच्या जिन्यावर बसून रडत होती. मांडीवर तिनं लिहून आणलेला राजीनामा होता.

४

"सगळे म्हणणार मीच हरवलं," वैभवी हुंदके देत म्हणाली. "निलेशसर म्हणाले, तुझ्या टिकल्या पण खराब असतील, मागच्या आठवड्यात लाइट गेली होती. अमॉक्सिक्लॅव्हची टिकली उबेला लगेच मरते. मेलेल्या टिकलीभोवती वर्तुळ कसं पडणार? म्हणजे माझ्यामुळंच…"



शारदाबाईंनाही हीच शंका आली होती. टिकली मेली असेल, तर स्यूडोमॅलीसुद्धा सेपेशियासारखाच दिसणार. मग गुन्हा नाही, नुसती चूक.

"त्याच डबीतल्या टिकल्या आणखी कशावर ठेवल्या होत्यास?"

वैभवीनं डोळे पुसले. "दर शनिवारी ठेवते ना. ओळखीच्या जंतूवर. तिन्ही औषधांनी मरणारा जंतू असतो तो, टिकल्या चांगल्या आहेत का बघायला."

"ती प्लेट आहे?"

होती. फ्रिजमध्ये, चिकटपट्टीनं बंद केलेली. तिन्ही टिकल्यांभोवती पडलेली वर्तुळं रुपयाच्या नाण्यासारखी स्वच्छ होती.

"टिकल्या जिवंत आहेत," शारदाबाई म्हणाल्या. वैभवीनं सुटकेचा श्वास सोडला. दीपालीनं मात्र प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं, कारण आता चूक उरली नव्हती, गुन्हा उरला होता.

बाईंनी देवूची प्लेटही चिकटपट्टीनं बंद करायला लावली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. झाकणावरून बघत बसल्या. बराच वेळ. बाहेर एसटी आली आणि गेली.

"वैभवी, टिकल्या कशा ठेवतेस? हातानं दाखव."

"प्लेटच्या कडेला खूण करते. खुणेपाशी पहिली, जेंटामायसिन. मग उजवीकडून कोलिस्टिन. मग तिसरी." तिचं बोट हवेत फिरलं. ती थोडी लाजली. "प्रदक्षिणेसारखं. पहिलीला ब्रह्मा म्हणते, दुसरीला विष्णू, तिसरीला महेश. म्हणजे चुकत नाही."

"कधी उलटं?"

"उलटी प्रदक्षिणा मी कशाला घालीन ताई?"

शारदाबाईंनी देवूची प्लेट तिच्यापुढं सरकवली. "टिकल्यांवरची अक्षरं वाच."

वैभवी वाकली. खुणेपाशी जेंटामायसिन. उजवीकडे… तिनं पुन्हा वाचलं. उजवीकडे अमॉक्सिक्लॅव्ह होतं, डावीकडे कोलिस्टिन. एकाही टिकलीभोवती वर्तुळ नव्हतं, म्हणून कुठली टिकली कुठं आहे हे कुणी पाहिलंच नव्हतं.

ती झटकन मागं सरली. स्टूल खाली पडलं.

"ही मी ठेवलेली नाही. माझी प्लेट नाही ही."

शारदाबाई उठल्या. आवाज तोच, पण त्यात आता घाई होती. "दीपाली, सेफ्टाझिडीम आहे?"

"सहा कुप्या. पण बाई, आपल्याकडे पुरावा…"

"हाच पुरावा. कुणीतरी खरी प्लेट काढून सेपेशियाची मांडली. खऱ्यातही सेपेशियाच असता, तर बदलायची गरजच काय होती? त्याच्याशी इतका मिळता दुसरा एकच आहे. जे लपवलं, तेच त्याच्या रक्तात आहे. आत्ता चालू कर. आणि पुण्याहून आणखी मागव, पंधरा दिवस पुरेल इतकं."

दीपाली पळाली.

वैभवी बेसिनपाशी जाऊन हात धुऊ लागली. "ताई, मी ते जंतू हाताळलेत. मला पण…?"

"तुला आजपासून गोळ्या. ताप रोज दोनदा बघायचा." बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आणि ज्यानं ती प्लेट नेली, त्याला हे सांगणारं कुणी नाही."

५

दुपारी रुग्णालयाच्या छोट्या खानावळीत शारदाबाई जेवायला बसल्या. डोळे मिटून श्लोक म्हटला आणि मौन धरलं. समोरची खुर्ची ओढून निलेश बसला. बाहेर भाद्रपदाचं ऊन तापलं होतं, पंखा गरगरत होता. निलेशनं उठून पंखा बंद केला, स्वेटर गळ्यापर्यंत ओढला आणि नुसता चहा मागवला.

"शोध लागला का मॅडम?"

शारदाबाईंनी भाकरी मोडली आणि ताटावर बोट ठेवून, मग ओठांवर ठेवून, नम्रपणे हसल्या.

"अच्छा, मौन. माझी आजी पण करायची." तो हसला.  ते मौन त्याला फार वेळ सोसलं नाही. "वैभवीला फार बोलू नका हं. पोरगी चांगली आहे. चूक होते माणसाची."

बाईंनी आमटीत भाकरी बुडवली.

"माझ्यावर शंका घ्यायला जागाच नाही तशी. मी टिकल्या ठेवतच नाही ना. आठ वर्षं झाली. ठेवणार ती, वाचणार मी. आणि वाचताना झाकणसुद्धा काढत नाही. प्लेट पालथी करून खिडकीशी धरायची आणि मागून पट्टीनं मोजायचं. नवीन पोरं झाकण उघडून बसतात. धोका असतो त्यात."

शारदाबाईंचा घास क्षणभर थांबला, मग पुढं गेला.

निलेशच्या कपाळावर घाम होता आणि तो कुडकुडत होता. "बापूसाहेबांना बघितलंत ना? त्यांचं रान बंद पडलं तर खोऱ्यात दंगा होईल. त्यांनीच कुणाला तरी पाठवून प्लेट उचलली असेल. आणि उचलून करणार काय? ते वाळके, सुरकुतलेले, जांभळे ठिपके बघून त्यांना काय कळणार?"

बाईंनी मान वर केली. दोघांची नजर भेटली.

 आपण काय बोललो हे निलेशला कळलं होतं की नाही, सांगता आलं नसतं. त्यानं कप उचलला. कप बशीवर इतका वाजला की वाढणाऱ्या तुकाबाईंनी वळून पाहिलं.

"साहेब, ताप हाय का तुमाला?"

"नाही," तो म्हणाला आणि उठून गेला. चहा तसाच.

शारदाबाईंनी ताटातलं सगळं संपवलं. अन्न टाकायचं नाही हाही नेमच. हात धुतले, चूळ भरली, दीपालीला गाठलं आणि पहिला शब्द उच्चारला.

"दीपाली. त्याला गेटबाहेर जाऊ देऊ नकोस."

६

प्रयोगशाळेत दार लावून चौघं जमली. निलेश भिंतीला टेकला होता.

"मी सांगते," शारदाबाई म्हणाल्या. "कुठं चुकलं तर थांबवा.

"प्लेट बदलली ती टिकल्या मांडता येणाऱ्यानं. म्हणजे बापूसाहेब नाहीत, दीपाली नाही. तिनं हे काम कधी हातानं केलेलं नाही. वैभवी असती, तर तिचा हात उजवीकडूनच फिरला असता. टिकल्या उलट्या क्रमानं ठेवल्या गेल्या, त्या अशा माणसानं ज्याला उलटाच क्रम सरळ वाटतो. असा माणूस कोण? जो आठ वर्षं प्लेटा फक्त मागून बघतो. मागून पाहिलं की उजवं डावं होतं. तुमच्या डोळ्यांना जो क्रम पाठ होता, तोच शनिवारी तुमच्या हातानं मांडला."

शारदाबाई वैभवीकडे वळल्या.

"दुसरं. वैभवी, शनिवारी ते ठिपके कसे होते?"

"बारीक. गुळगुळीत. दवाच्या थेंबासारखे."

"ह्या जंतूवर सुरकुत्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी पडतात. तोवर प्लेट इथून गेली होती. ज्यानं सुरकुतलेले ठिपके पाहिले, त्याच्याकडेच ती प्लेट आहे. निलेश, तुम्ही जेवताना मला ते सांगितलंत."

"का पण सर?" वैभवीचा आवाज फाटला. "तो माणूस मरतोय!"

निलेशनं डोळे मिटले. "सारजाबाईच्या वेळी पण तेच ठिपके होते," तो म्हणाला. "मी झाकण उघडलं आणि हुंगून पाहिलं. जुनी सवय. लोकांसमोर करत नाही. ओल्या मातीचा वास आला. म्हटलं, नमुना घेताना घाण पडली असणार. टाकून दिलं. ती पाचव्या दिवशी गेली."

त्यानं बाहीनं कपाळावरचा घाम पुसला.

"शनिवारी वैभवी गेल्यावर देवूची प्लेट बघितली. तेच ठिपके. तेव्हा कळलं मी काय केलंय ते. हा सापडला असता, तर ती का सापडली नाही असं सगळ्यांनी विचारलं असतं. मागच्या वर्षी ड्रेसिंगच्या औषधात सेपेशिया निघाला होता, तो मी जपून ठेवला होता." त्यानं दीपालीकडे पाहिलं. "सेप्ट्रान दोन्ही जंतूंना लागू पडतं मॅडम. मला वाटलं, देवू बरा होईल. नाव खोटं, पण माणूस बरा. देवाशपथ, मला असंच वाटलं."

"देवाला मध्ये आणू नका," शारदाबाई म्हणाल्या. इतक्या वेळात पहिल्यांदाच त्यांचा आवाज कापला. "सेप्ट्राननं हा ताप उतरत नाही. तुम्हाला हे ठाऊक आहे. कारण तुम्ही स्वतः घेताय ते, तरी भर उन्हात कुडकुडताय. किती दिवस झाले?"

निलेशनं स्वेटरची बाही वर सरकवली. दंडावर काळसर सूज होती.

"आठ," तो म्हणाला. "त्या वासानंतर दीड आठवड्यानं ताप चालू झाला. प्लेट म्हणूनच फेकवली नाही. माझ्यात काय आहे ते बघायचं होतं. कुणाला सांगणार? नाव सांगितलं, तर सगळंच सांगावं लागलं असतं." तो भिंतीवरून घसरत खाली बसला. "घरी आहे. माझ्या कपाटात. बायकोला वाटतं ऑफिसचं काहीतरी आहे. घरात माझी दोन वर्षांची मुलगी आहे, मॅडम."

दीपालीनं फोन उचलला. माणपर्यंत गाडी जायला तास लागणार होता.

त्या तासात वैभवी देवघरासमोर बसावं तशी फोनसमोर बसून राहिली. शेवटी ड्रायव्हरचा फोन आला. कपाट बंद होतं, प्लेट डब्यात, डबा पिशवीत, पिशवीची गाठ तशीच. मुलगी आजोळी गेलेली.

७

सेफ्टाझिडीमच्या सहा कुप्यांतून देवूच्या पहिल्या दिवसाची मात्रा कशीबशी भागणार होती. निलेश म्हणाला, "त्यालाच द्या." तशीही दुसरी वाट नव्हती. पुण्याचा साठा संध्याकाळी आला, तेव्हा निलेशचा ताप एकशे चारवर होता. शारदाबाईंनी खऱ्या प्लेटवरून जंतू घेऊन नव्या टिकल्या वैभवीकडून मांडून घेतल्या. दोन दिवसांनी तिसरीभोवती वर्तुळ पडलं. अहवाल खऱ्या नावानं तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे गेला, निलेशचा लेखी जबाब पोलिसांकडे. बापूसाहेबांनी चिखलाचा कार्यक्रम बंद केला. त्यांनी एकाच दिवसात तीनदा ताप मोजून घेतला.

जागा नसल्यामुळं निलेशची खाट चार नंबरला लागली. देवूच्या शेजारी. मधे एक हिरवा पडदा.

बाळाबाईला सगळं शारदाबाईंनी स्वतः सांगितलं. काही गाळलं नाही. ती ऐकून घेत राहिली. मग एकच विचारलं, "म्हंजी सासूबाई वाचल्या असत्या?"

"सांगता येत नाही. वाचण्याची संधी होती. ती त्यांना मिळाली नाही."

बाळाबाई पडद्याकडे बघत बसली. त्या दिवसानंतर ती देवूच्या खाटेजवळून हलेना. नर्सनं दोनदा निलेशची खाट दुसरीकडे न्यायची गोष्ट काढली, ती तिला ऐकू गेली. "न्हेऊ नका," ती म्हणाली. कशासाठी, ते कुणी विचारलं नाही. वैभवी रोज पडद्याच्या दोन्ही बाजूंना नजर टाकून जायची.

सातव्या दिवशी पहाटे देवूचा ताप उतरला. त्यानं डोळे उघडले, बायकोला ओळखलं आणि बकऱ्या कुणाकडे आहेत असं विचारलं. बाळाबाईनं पदर तोंडात कोंबला.

निलेशचा ताप उतरला नव्हता. फुप्फुसं भरली होती. त्या सकाळी शारदाबाई वॉर्डात आल्या तेव्हा नर्स दुसऱ्या टोकाला होती. पडद्यामागून कोरडा आवाज येत होता.

"पाणी… कुणी आहे का? पाणी…"

बाळाबाई उठली. तिनं पडदा बाजूला केला. शारदाबाई दारातच थबकल्या. हाक मारावी असं वाटलं, पण मारली नाही.

तांब्या स्टुलावर होता, निलेशच्या हाताच्या टप्प्याबाहेर. बाळाबाईनं तो उचलला आणि हातात धरून उभी राहिली. निलेशनं तिला ओळखलं. त्याचे डोळे मोठे झाले. मागं सरकायला खाटेवर जागा नव्हती.

"तिनं बी असंच मागितलं व्हतं," बाळाबाई म्हणाली. "तुमच्या कागदावर तिच्या आंगात काईच न्हवतं. घान म्हन्ला तुमी."

तांब्या तिनं छातीशी धरला.

"नाव काय तिचं?"

निलेशनं तांब्याकडे हात पुढं केला.

"नाव घ्या. मग देती."

वॉर्डातल्या सगळ्या खाटांवरून माना वळल्या होत्या. देवूनंही मान वळवली होती.

"सारजाबाई," निलेश म्हणाला.

"पुरतं म्हना. तिच्याकडं मागा."

"सारजाबाई… मला पाणी द्या."

बाळाबाईनं एका हातानं त्याची मान उचलली, तांब्या त्याच्या ओठांना लावला, आणि तो पिऊन होईपर्यंत धरून ठेवला.